हिरामावशीने विचारलं होतं

१४ ऑक्टोबर, सोमवार

परत मांडवीला गेले. पाय उचलत नव्हता, पण भिकाजीकाकांना सुई कोण टोचणार? त्यांची बायको, हिरामावशी, होती तोवर तीच टोचायची — त्यांनाही, स्वतःलाही. काकांना आता नुसत्या सावल्या दिसतात. साखरेने डोळे खाल्ले.

आठवडा झाला मावशी जाऊन. सकाळी काका हाका मारत राहिले, ती उठेना. साखर पार खाली गेलेली. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

आज टोचून झाल्यावर काका म्हणाले, "तुझा हात हलका गो. तिचा जड होता."

१५ ऑक्टोबर

इथे तरी लिहिते. कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या मेडिकलतर्फे मधुमेहाच्या पेशंटांकडे घरी जायचं, साखर तपासायची, इन्सुलिन नीट घेतायत का बघायचं — हे काम मीच मागून घेतलं. घट बसायच्या आदल्या दिवशी मावशीकडे गेले होते. पुढची तीन घरं बाकी. जिना उतरत होते. वरून मावशी म्हणाली, "ताई, नऊ दिवस उपास धरू ना गो?"

"धरा की!" म्हटलं. वळूनही बघितलं नाही.

डॉक्टरांना विचारलंत का, इन्सुलिन किती घ्यायचं — एवढंच बोलायचं होतं! पोटात काही नाही आणि सुई रोजच्याएवढीच. पाच दिवस.

१९ ऑक्टोबर

दुकानात एक बाई खोकल्याचं औषध घेताना म्हणाली, "दोनदा घेऊ ना?" हातातली बाटली सुटली. मावशीचाच आवाज!

२६ ऑक्टोबर

जिन्यावर पाय ठेवला की मान आपोआप वर जाते. कोणी नसतं. तरी बघते.

काकांनी विचारलं, "तू शेवटची आलीस तेव्हा काय बोलली का ती?"

"नाही."

किती पटकन आलं तोंडातून!

११ नोव्हेंबर

दुकानातली नम्रता म्हणाली, "राजश्री, किती वाळलीस! मांडवीची घरं मी घेते." नको म्हटलं. मी गेले नाही तर मावशी माझ्या घरी येईल, असं वाटतं. वेड्यासारखं.

२ डिसेंबर

सांगितलं. सगळं. उभ्यानेच.

काका म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्याच दिवशी तिने आनंदाने सांगितलंन मला — ताई हो म्हणाली. तू कधी बोलतेस, त्याची वाट बघत होतो."

"मग मला रोज येऊ का दिलंत?"

काका भिंतीकडे तोंड करून — "मी पण तिला जेव म्हटलं नाही गो."

निघाले तर म्हणाले, "उद्या येऊ नको."

३ डिसेंबर

नम्रताला पाठवलं. काकांनी दारातूनच परत पाठवली. सुई राहिली!

४ डिसेंबर, बुधवार

न विचारता गेले. काका दारातच बसलेले. पावलांवरून ओळखलं त्यांनी. म्हणाले, "समोरच्या गोदाकडे जा आधी. मार्गशीर्षातले गुरुवार धरणार आहे ती उद्यापासून. तिलाही सुई आहे. माझं मग."

गेले. गोदाकाकूंच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला.