लग्नाची डिस्क, तीनशे एमबी

४ नोव्हेंबर २०२५, पुणतांबा

आलो बाबा एकदाचे! नागापूरच्या कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा सासरे म्हणाले होते, आता जावई घरात बसून माश्या मारणार. घ्या, काम मिळालं, आणि वर पेरूच्या बागेत दोन खोल्या. मालक खाजाभाई. पंचवीस वर्षं त्यांनी सीडी-डीव्हीडीची लायब्ररी चालवली. दुकान बंद झालं, पण चारशे बारा सिनेमे अजून कपाटात आहेत. सगळे पक्क्या बिलाने विकत घेतलेले. चोरीची कॉपी म्हटलं की भाई कानाला हात लावतात. आता डिस्कांवर डाग पडायला लागलेत, म्हणून सगळं हार्डडिस्कवर उतरवून द्यायचं. माझा लिनक्सवाला जुना डबा कॉम्प्युटर टेबलावर मांडला. मधुवंतीने आल्या आल्या चहा टाकला आणि ‘अहो, अहो’ करत चारदा हाक मारली. एका हाकेत मी उठलो तर तिलाच चुकल्याचुकल्यासारखं होईल.

७ नोव्हेंबर

काम झकास चाललंय. युक्ती साधी आहे. चित्रात जे परत परत येतं ते एकदाच ठेवायचं, बाकीचं गाळायचं. चार जीबीचा सिनेमा एक जीबीत बसतो. भाईंच्या सिनेमांना मात्र दर्जा चढा ठेवलाय. भाईंची ताकीद एकच, आदी फाईल पुरी बघायची, मंग डिस्क बाजूला टाकायची. मी मान डोलावली.

आज आमच्या लग्नाची डिस्कही लावून दिली. दर्जा सगळ्यात खालचा. घरचीच तर आहे, कोण बघतंय! तीनशे एमबीत मावली. फाईल न बघताच डिस्क बागेत नेऊन बांधली. इथे सगळेच जुन्या डिस्का पेरूच्या झाडांना टांगतात, उन्हात लकाकल्या की पोपट बिचकतात. मधू रुसली. मी म्हटलं, अगं, कॉपी आहे ना.

१० नोव्हेंबर

मधूने चहाला एकदाच हाक मारली. मी आपला नेहमीसारखा बसून. चहावर साय धरली तरी दुसरी हाक नाही. रागावलीस का विचारलं, तर नाही म्हणाली. परत विचारलं, तर नुसती बघत राहिली.

१२ नोव्हेंबर

काल जेवली नाही, आजही नाही. परवा जेवलेच की, म्हणते. चेष्टा वाटली, हसलो मी! मग वेणी घालताना एक पेड घातला आणि हात खाली सोडले. राहात्याला डॉक्टरांकडे नेलं. अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. एक घेतली. दुसरी काही केल्या घेईना.

१३ नोव्हेंबर

तिला बरं वाटावं म्हणून लग्नाची फाईल लावली.

अरे देवा. मंगलाष्टक एकच. पुढे सगळे मुठीत अक्षता धरून उभे, आवाज बंद. सप्तपदीत माझी पावलं सात, तिचं एक. तांदळाच्या पहिल्याच ढिगावर ती उभी राहिलीय आणि मी मूर्ख एकटाच पुढे चाललोय. वळून पाहिलं तर मधू दारात, उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबलेली. फाईलचा आकार बघितला. नव्वद एमबी. तीनशे होती ना!

१४ नोव्हेंबर

सापडलं. माझाच गाढवपणा. ज्या फोल्डरमधून कॉम्प्युटर काम उचलतो, त्यातच मी तयार फाईल ठेवली होती. तो रोज तीच उचलतोय, रोज पुन्हा गाळतोय. बंद केलं सगळं.

बागेत धावलो. डिस्क मिळाली, पण दवाने नि उन्हाने तिचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलाय. वाचतच नाही. मग फाईलची कॉपी दर्जा वाढवून केली, चार जीबीची झाली. आत होतं तेवढंच. ताकात पाणी घालून दूध होतं का! मूळ फाईल पुसायची हिंमत नाही. पुसली आणि ती —

भाईंपुढे ढसाढसा रडलो. आदी बघायचं म्हन्लं हुतं ना, एवढंच म्हणाले.

१४, दुपार

काम बंद आहे. बंद आहे, दहादा तपासलं. तरी फाईल बावीस एमबी.

१५ नोव्हेंबर

सहा एमबी. मधू पापणी मिटत नाही. डोळ्यातून एक थेंब आला, दुसरा नाही. तिला नगरच्या दवाखान्यात न्यायला भाई गाडी आणायला गेलेत. लवकर या हो.

घरचीच म्हणून — घरचीच म्हणून तर जपायला हवं होतं. मला माफ कर गं. ऐकतेस का —

१५, अकरा वाजता

दोन एमबी.

एक हात तिच्या छातीवर. दुसऱ्याने लिहितोय, नाहीतर वेड लागेल —

श्वास. तोही तोच तो. परत परत येणारा —

नाही. नाही, मधू, हा नवा आहे, वेगळा आहे, हा गाळायचा नाही —

घेतला.

सोडला.

आता परत —