फासाच्या तारेच्या बांगड्या

सोमवार, ५ मे
गस्तवाल्यांनी जंगलातून काढलेल्या फासांचं पोतं आज आमच्या हस्तकला केंद्रात ओतलं. आम्ही अकरा बायका त्या तारेच्या बांगड्या करतो, पर्यटक घेतात. पोतं रिकामं झालं की प्रत्येकीचा हात आधी आपल्या नवऱ्याने लावलेल्या फासावर पडतो. गाठ ओळखू येते ना! पटकन सोडायची आणि कामाला लागायचं.
माझ्या योहानेचे तीन होते.

बुधवार, ७ मे
हत्तींनी उरलासुरला मका खाल्ला. उद्यानाच्या ऑफिसात सांगायला गेले. साहेब म्हणाले, "मिरचीचा धूर करत जा." मिरचीही हत्तींनीच तुडवली, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.
संध्याकाळी योहानेने हरणाची तंगडी आणली. पोरी जेवल्या. मीही.

रविवार, ११ मे
कुणा परदेशी पाहुण्याने परवाना काढून रानरेडा मारला. मांस गावाला. मुखियाच्या घरापासून वाटत आले, आमच्यापर्यंत शेपूट पोचलं. योहाने म्हणाला, "चला, शेपूट तरी कायदेशीर आहे."

शुक्रवार, १६ मे
मी अक्कल गहाण ठेवली होती. बांगडीचं टोक अडकवायला मी योहानेची गाठ घातली — सुटत नाही, दिसतेही छान. दुकानात सगळ्या खपल्या. आज साहेब आले. एका हातात बांगडी, दुसऱ्यात फास. "ही गाठ कोणाची?"
शेजारची तिसाउके म्हणाली, "आम्ही सगळ्याच अशी घालतो, साहेब."
"सोमवारी सगळ्यांच्या बांगड्या बघतो," म्हणाले.
फास लावल्याबद्दल पाच वर्षांची कैद असते.

शनिवार, १७ मे
दिवसभर दहा जणींना गाठ शिकवली. तिसाउकेला सगळ्यात उशिरा जमली. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला, सिकेलोला पण दाखवते. त्याच्या फासातून ससासुद्धा हसत निघून जातो." पोट दुखेपर्यंत हसलो.

सोमवार, १९ मे
साहेबांनी अकराही जणींच्या बांगड्या पाहिल्या. गाठ एकच. चहा पिऊन गेले. योहाने वाचला!

गुरुवार, २६ जून
सिकेलोला काल जंगलात धरलं. महिन्याभरात त्याला तीन हरणं मिळाली होती, म्हणून रोज जायला लागला होता.
तिसाउके आज कामाला आली. माझ्याच शेजारी बसली. तार वळवता वळवता म्हणाली, "गाठ चांगली होती गं तुझी."