चीफची शेवटची हाक आणि माझं कार्ड

९ सप्टेंबर, सोमवार

फेब्रुवारीनंतर आज पहिल्यांदा लिहितोय, त्याबद्दल क्षमस्व. क्षमा कोणाची मागतोय ते ठरवता आलं नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. तरी मागून ठेवतो.

निमित्त मोठं आहे. माझे सासरे आर्लन एकेचाळीस वर्षांनी गावच्या अग्निशमन दलातून निवृत्त होतायत. २१ तारखेला संध्याकाळी सहाला जिल्ह्याच्या कंट्रोल रूममधून डार्ला वायरलेसवर त्यांचा नंबर शेवटचा पुकारेल, कामगिरी वाचेल आणि त्यांना ड्युटीवरून कायमचं मोकळं करेल. आमच्याकडे दलाच्या प्रत्येक प्रमुखाला, म्हणजे चीफला, असाच निरोप देतात. पण आर्लन तेव्हा बंबात असतील, आणि सायरन ऐकून ऐकून त्यांचे कान अर्धे गेलेत. मला म्हणाले, "वेंडेल, तिथं मला ओ की ठो कळणार नाही. तू त्या स्कॅनर-रेडिओवर पोलीस, बंबवाले, सगळ्यांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकत बसतोस ना, तर हे रेकॉर्ड करून ठेव. घरी निवांत ऐकीन."

एकोणीस वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं हे दुसरं काम. पहिलं शिडी धरण्याचं होतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

११ सप्टेंबर

स्कॅनरसाठी नवं मेमरी कार्ड घेतलं. १२८ जीबी. स्कॅनर म्हणतो, कार्ड चालत नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, माहितीपुस्तकात ३२च्या वर घालू नका असं लिहिलंय." ते मी वाचलं होतं. फक्त ती अट आहे असं वाटलं नव्हतं, नम्र सूचना वाटली होती. माझ्या वाचण्यातच काही दोष आहे का? मी शाळेचा ग्रंथपाल आहे, तेव्हा हा प्रश्न गंभीर आहे.

१२ सप्टेंबर

जुनंच ३२चं कार्ड वापरायचं ठरवलं. स्वच्छ असावं म्हणून कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलं. जिल्ह्यातले सगळे चॅनल त्याच कार्डावर होते. आता स्कॅनर पूर्ण गप्प. त्याच्या दृष्टीने आमचा जिल्हा अस्तित्वातच नाही.

माहितीपुस्तक, पान ४४: कार्ड नेहमी स्कॅनरमध्येच फॉरमॅट करावे. म्हणजे चूक कॉम्प्युटरची.

१५ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस चॅनल एकेक करून पुन्हा भरले. चर्च चुकलं. बायको, मार्लिस, म्हणाली, "बाबांनी विचारलं, जावई कुठेय. मी सांगितलं, तुमचंच काम करतोय. त्यावर ते नुसतं हं म्हणाले."

त्या 'हं'चा अर्थ काय असावा? मी चांगला धरतो.

दुकानदाराने बजावलं होतं, सगळ्याची दुसरी प्रत करून ठेवा. केली. त्याच कार्डावर, वेगळ्या फोल्डरमध्ये. शोधायला सोपी.

१७ सप्टेंबर

रेकॉर्डिंगची चाचणी. चार तास. तीन तास पन्नास मिनिटं नुसती खरखर. उरलेल्या दहा मिनिटांत रस्त्यावर आलेल्या गाई, त्या कोणाच्या यावरून दोन पोलिसांचा वाद, आणि एक जण दुसऱ्याला सँडविचमध्ये लोणचं नको म्हणून सांगतोय. मार्लिसने ऐकलं. म्हणाली, "शेजारच्या मिसेस हानेमानना सांग ना. तीस वर्षं त्यांच्या फ्रिजवर स्कॅनर आहे."

मी तिला समजावलं की तो खटक्यांचा जुना स्कॅनर आहे, शेजारी कॅसेटवाला टेपरेकॉर्डर. ती म्हणाली, "हो, पण तो चालतो."

उत्तर द्यायचं टाळलं. स्वभावात सुधारणा होते आहे.

२० सप्टेंबर

सर्व काही सज्ज. खरखर बंद केली. आवाज स्पष्ट. गेल्या दहा वर्षांत इतकी पूर्वतयारी मी कशाचीच केली नव्हती. आर्लनना फोनवर सांगितलं, "निश्चिंत राहा." ते म्हणाले, "बरं बुवा."

२१ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळी ५.४०

मार्लिस अग्निशमन केंद्रावर गेली. मी टेबलाशी. फक्त एक गोष्ट खटकते आहे. आर्लन यांच्या एकेचाळीस वर्षांशेजारी त्याच कार्डावर गाई आणि लोणचं असणं बरं नाही. कार्ड कोरं हवं. या वेळी फॉरमॅट स्कॅनरमध्येच करेन, पान ४४ प्रमाणे.

६.३०

पान ४५: स्कॅनरमध्ये फॉरमॅट केल्यासही चॅनल पुसले जातात.

दुसरी प्रतही गेली. सहा वाजता मी चॅनलच्या यादीत जिल्ह्याच्या नावातलं तिसरं अक्षर भरत होतो. मिसेस हानेमान यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. डार्लाने आर्लनचा नंबर तीनदा पुकारला, मग बोलताना तिचा आवाज कापरा झाला. कुंपणापलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी हातात स्कॅनर धरून उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते. रेकॉर्डचं बटण दाबलं. का, ते सांगता येत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

खरं सांगायचं ठरवून आर्लनकडे गेलो. गाडीत भाषण तयार केलं होतं. त्यात 'तांत्रिक' हा शब्द चार वेळा होता, तो मनातल्या मनात काढून टाकला. पोचलो तर ते मिसेस हानेमान यांच्यासोबत टेबलाशी, मध्ये त्यांचा टेपरेकॉर्डर. डार्लाचा आवाज चालू. तिसऱ्यांदा ऐकतायत म्हणे.

मी म्हणालो, "आर्लन, माझ्याकडून ते..."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "बस."

मग कळलं की ज्या दिवशी मला सांगितलं, त्याच दिवशी घरी जाता जाता त्यांनी मिसेस हानेमाननाही सांगितलं होतं. मार्लिसला माहीत होतं. कंट्रोल रूममधल्या डार्लालाही माहीत होतं.

मिसेस हानेमान म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस, राजा. ॲपल पाय खा." सफरचंद भरून भाजलेला होता. दोन तुकडे खाल्ले, उरलेला ताटलीसकट घरी दिला.

निघताना मी सुचवलं की कॅसेट कधीही खराब होते, मी ती मेमरी कार्डावर उतरवून देऊ शकतो. आर्लननी कॅसेट काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

उद्या: मिसेस हानेमान यांची ताटली धुऊन परत करणे.