जोडीचं काम

लातूर,
१२ सप्टेंबर १९८२

चि. पंचशीलास अक्काचा सप्रेम जय भीम.

"अक्का, पोष्टमन माझं नाव विसरला का गं?" बहात्तरच्या दुष्काळात, तलावाच्या कामावर, डोक्यावर मातीची पाटी घेऊन तू मला विचारलं होतंस.

मुदखेडला सगळी बरी आहात ना? व्यंकटराव रुळावरच्या कामावरून वेळेवर घरी येतात का? सुजाता शाळेत रमली का?

गेल्या महिन्यात लातूर जिल्हा झाला. कमानी उभारल्या, पेढे वाटले. एका नव्या हापिसात मला झाडण्याचं, पाणी भरण्याचं काम मिळालं. तिथं तुझ्या वयाची एक बाई टाइप करते. फार भरभर करते.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. प्रौढांच्या वर्गात दोन वर्षं अक्षरं गिरवली. शेजारच्या उमाबाईंनी लिहून दिलं असतं, पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

पोष्टमन विसरला नव्हता. तू पाटी घेऊन बांधावर गेली होतीस, तेव्हा त्यानं कामावरच पत्र माझ्या हातात दिलं. मुकादम सटवाजीनं वाचून दाखवलं. आठवीसाठी तुला लातूरच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. तो हसत म्हणाला, "बालिष्टर व्हायली की तुझी बहीण! मग पाटी कोण उचलंल? मी?"

त्याच्याकडं काम जोडीलाच मिळायचं. मी खोदायची, तू वाहायचीस. आई तापानं निजलेली. तू गेली असतीस तर दुसऱ्या दिवशी मलाही घरी बसवलं असतं. मी पत्र चुलीत घातलं. त्याच जाळावर रेशनच्या लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी भाजल्या. तू दोन खाल्ल्यास.

एवढंच असतं तर दुष्काळाला बोल लावून मोकळी झाले असते. पण पुढच्या साली पाऊस झाला, आई उठली. तेव्हा तुला खरं सांगून शाळेत धाडता आलं असतं. मी सांगितलं नाही. तू माझ्याकडं कशी बघशील, याचीच भीती. म्हणून घाईनं तुझं लग्न लावलं. निघताना गळ्यात पडून म्हणालीस, "अक्का, तू हाइस म्हणून माझं बरं झालं."

दहावीला बाहेरून बसता येतं, मी विचारून ठेवलं आहे. सुजाताला घेऊन माझ्याकडं ये. स्वयंपाक, पोरीची शाळा, सगळं मी बघते. तू अभ्यास कर. हे वाचल्यावर तुला माझ्या घरचं पाणीसुद्धा नको वाटेल. तू न्हाईच म्हणशील. तरी विचारते, येशील का?

तुझी अपराधी,
चांगुणा