सुई टोचताना धरायचं कुणी

मु. पाली, धरणाच्या अंगाला
२ डिसेंबर २०२४

ती. उज्ज्वलाअक्कास, धाकट्या अंगदचा सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून, मनातून न्हाई.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून वही आणावी लागली. दुकानदार म्हणाला, आता या वयात शाळेत चालला का. माझी शाळा नववीला कशी सुटली ते त्याला सांगत बसलो, तवर मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली. त्या शिव्या पण तुझ्यामुळंच खाल्ल्या.

तर आता ऐक तुझ्या हुशारीचा परताप. तू म्हणालीस, आईला उदासीचा आजार हाय, गोळ्या सुरू करायच्या आधी डॉक्टरला रक्त तपासायचंय, थायरॉइड का काय ते. वरीस झालं आई चुलीपुढं बसती पण चूल पेटवीत न्हाई. कोकरू मांडीवर दिलं तर उचलून खाली ठेवती. मला डोळे न्हाईत का? म्हणून न्हेलं दवाखान्यात. सुई बघितली की आई उठून दारात. तू फोनवर म्हणालीस काहीही कर, रक्त दिल्याबिगर येऊ नको. मग मी अन् गहिनीनाथमामानं तिला धरलं. मेंढराला लस टोचताना धरतो तसं, मान काखेत, तोंड फिरवून. अंग सैल सोड म्हणत होतो. तिनं सोडलं ते पार सोडलं. बाकावरून घसरली, कपाळ फुटलं. नळीत रक्त आलंच न्हाई, फरशीवर आलं.

तवापासून माझ्या हातचं पाणी पीत न्हाई. मामीनं दिलं तर पिती.

तू म्हणं सुईला भिणाऱ्या लोकांवर संशोधन करतीस. घरातली एक बाई कळंना अन् निघालीस जिल्ह्याची भीती मोजायला. आमची आई तुझ्या कामाचं मेंढरू न्हाई. कशाला तिच्या मागं लागलीस?

पिवळ्या कुत्रीला पिल्लं झालीत, एक पांढऱ्या कानाचं हाय. पण ते तुला कशाला सांगू.

लोभ हाय तेवढा राहू दे, वाढवू नको.
अंगद


बीड
६ डिसेंबर २०२४

चि. अंगदास, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मागितले नाहीस तरी.

दूधवाल्या धोंडीरामनं टेम्पोतून तुझं पत्र पोचवलं. वाचून फाडणार होते, कपाळ फुटल्याचं वाचलं आणि ठेवलं.

मी ‘काहीही कर’ म्हणाले होते. त्याचा अर्थ मान काखेत धर असा फक्त तुलाच लागतो. आई मेंढरू नाही हे मला शिकवतोस, मग तिला तसं धरलं कुणी? आणि नंबर का बंद केला तेही लिहायचं होतंस. फोनवर मला येडी डाक्टरीन म्हणालास आणि मागं मामा हसत होते.

मी स्वतः आले असते. पण अक्कानं रक्त मागितलंय असं तू तिला सांगून बसलास. आता मी दिसले तर ती सुई दिसल्यासारखी उठून जाईल. म्हणून तुला लिहावं लागतंय, दुसरं कुणी असतं तर तुला लिहिलं नसतं.

उदासीचे उपचार लोक अर्ध्यात का सोडतात हे विचारत मी आमच्या मॅडमच्या अभ्यासासाठी गावोगाव फिरते. बरेच जण आजाराला नाही, सुईला भिऊन माघारी जातात, आणि लाजेनं बोलत नाहीत. घरचे मग धरून ठेवतात. एकदा धरलेलं माणूस पुढच्या वेळी जास्तच भितं. काहींचा रक्तदाब सुई बघून आधी चढतो आणि मग एकदम उतरतो, तिथं चक्कर येते. अशा माणसाला अंग सैल सोड म्हणणं म्हणजे पड म्हणणं. त्यानं उलट मांड्या, पोट, मोकळा हात आवळून धरायचा, तोंड गरम होईपर्यंत. मग जरा ढिलं, मग पुन्हा आवळायचं. सुईचा हात तेवढा सैल. आणि कधी टोचायचं ते आईनं सांगायचं. ती नको म्हणाली तर नको.

हे पत्र तिला वाचून दाखव. मधेच कुत्रीकडं वळू नकोस.

माया आईवर आहे. तुझ्या वाट्याचं नंतर बघू.
उज्ज्वला


मु. लिंबागणेश
१९ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि. या खेपेला निम्मा मनातून.

मेंढरं घेऊन आता हिकडं आलोय. पत्र आईला वाचून दाखवलं, मला दिलेल्या शिव्यांसकट. मांड्या आवळ म्हणलं तर नुसती बघत बसली. मी वैतागून उठलो. तेवढ्यात थोरला एडका दावं तोडून कोकरांत घुसला. आई उठली, शिंग धरलं अन् दोन गुडघ्यांत दाबला त्याला. वरीसभरात पहिल्यांदा असं काही केलं तिनं. तोंड लाल झालतं. मी म्हणलं, आई, अक्का सांगती ते हेच. सकाळी म्हणाली, त्या रक्तवाल्यांना हितंच बोलीव.

मोहिनी नावाची तपासणीवाली बाई गाडीवर आली. एडका बघून म्हणाली, जनावर जवळ असल्यावर जमणार न्हाई. आई म्हणाली, मग तुमी जावा. बाई गेली न्हाई. आई दगडावर बसली, एडका गुडघ्यात, एक हात शिंगाला, दुसरा बाईपुढं. मी सवयीनं पुढं सरलो. आई म्हणाली, तू लांब हो.

मेंढरांच्या जाळीपाशी जाऊन पाठ करून उभा राहिलो. मग आई म्हणाली, आता. एडका वरडला, आई न्हाई. नळी भरली. पडली न्हाई आई. बाई निघून गेली तरी एडक्याला सोडंना.

गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणाला गुण यायला काही आठवडे जातील. चूल अजून मामीच पेटवती. पाणी बी तिच्याच हातचं.

तुझ्या अभ्यासात हे घालायचं असंल तर ते आईला मी इचारलंय. म्हणाली, लिव्ह म्हणावं. पण दोघांनी मला धरलं ते बी लिव्ह, अन् कुणी धाडलं ते बी. ते गाळायचं असंल तर काहीच लिवू नको.

पुढं परत रक्त द्यायचंय. मी काय करू म्हणलं, तर म्हणाली, एडका आणून दे अन् जा.

माझा नंबर सोड. आईला तुझ्याशी बोलायचंय. काय बोलणार ते मला सांगत न्हाई. फोन तिच्या हातात देईन अन् जाळीपाशी जाऊन उभा राहीन.

लोभ मागत न्हाई, फोन तेवढा उचल.
अंगद