खोली दहा, खोली दोन

प्रिय भिंगरी,

बातमी तुला एव्हाना कळली असेल, तरी माझ्याकडून ऐक: तुझं लेकरू, म्हणजे तुझा तो प्रोग्राम, मंडळात पास झालं! मला इतका आनंद झालाय की अक्षर नीट येत नाहीये, सांभाळून घे.

दोन वर्षं तू मला फोन केला नाहीस. तुझे बाबा सांगायचे, बरी आहे, तुझ्यावर फुगलीय. फुगणारच. नावं क्रमाने लावताना संगणक 'खोली १०' ही 'खोली २'च्या आधी बसवतो, हा त्याचा जुना वेडेपणा. तो घालवणारा छोटासा प्रोग्राम तू लिहिलास आणि धावत माझ्याकडे आलीस, की तुमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या मूळ संचात हा घ्या, म्हणजे भाषेसोबत तो सगळ्यांना आपसूक मिळेल. ठरवणाऱ्या मंडळात सख्खी आत्या बसलेली, आणि ती म्हणते, अजून नाही.

कारण सांगितलं होतं, पण रागात तुझ्या कानात शिरलं नसावं. मूळ संचात एकदा घेतलेलं परत काढता येत नाही, लाखो लोकांचं काम त्यावर उभं राहतं. आम्ही एकदा घाईघाईने घेतलेली निरोप पाठवायची सोय अजून तशीच आहे, नको असलेल्या सोफ्यासारखी. कुणी बसत नाही आणि दारातून बाहेरही निघत नाही. म्हणून म्हटलं, आधी परक्यांना वापरू दे. त्यांनी वापरलाच की! इस्पितळातल्या एका नर्सबाईंनी कळवलं, तुझा प्रोग्राम 'फाइल ७' आणि 'फाइल ००७' एकच समजतो आणि त्यातली एक गाळून टाकतो. तू तोंड वाकडं न करता सगळं नव्याने लिहिलंस. मी चोरून बघत होते बरं का. तेव्हाच हो म्हटलं असतं, तर ती चूक कायमची आपल्या गळ्यात पडली असती.

आमच्याकडे नात्यातल्या माणसाचा विषय निघाला की बाहेर जावं लागतं. या वेळी तुझा प्रोग्राम मंडळापुढे आला, तेव्हा मी जिन्यापाशी उभी राहून नखं खाल्ली, या वयात. आत बोलावलं तेव्हा आमचे खडूस अध्यक्ष चष्मा पुसत होते. प्रत्येक प्रस्तावाचा कीस पाडणारा हा माणूस म्हणाला, "हे आपल्याकडे आधीपासून नव्हतं? मला वाटलं, होतंच." याहून मोठी शाबासकी त्या खोलीत मी कधी ऐकलेली नाही. माझे डोळे भरून आले आणि मी सर्दीचं निमित्त केलं.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. अध्यक्षांनी मंडळासाठी तुझं नाव सुचवलंय. एका घरातल्या दोघांना तिथे एकत्र बसता येत नाही, म्हणून मी जागेवरच राजीनामा दिला. हळहळू नकोस, कित्येक वर्षांत मी इतकी खूश झाले नव्हते. खुर्ची तुझी. उशी मात्र माझी होती, ती घरी आणलीय. आता तुझ्यासमोर कुणीतरी मोठ्या आशेने येईल आणि तुला त्याला नाही म्हणावं लागेल. त्या दिवशी घास गोड लागणार नाही. तेव्हा मला फोन कर.

तुझीच, आता रिकामटेकडी,
आत्या