गरम भात

बेंगळूर, जानेवारी १९५९
गुरुवार, संध्याकाळ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाचवा महिना आहे, अंगात रक्त कमी आहे, वेळेवर पोटभर जेवत जा. मी नुसतं हो म्हटलं. आमच्याकडे पुरुषांची जेवणं उरकल्यावर बायका बसतात, तोवर भात गार होतो, हे त्यांना काय सांगायचं? सोबत आलेल्या सासूबाई, आमच्या अक्का, वाटभर माझ्यापुढे झपाझप चालत होत्या. मला वाटलं, रागावल्या.

पण घरी आल्यावर त्यांनी भात उतरवला आणि आधी आम्हा दोघींचीच पानं मांडली.

"बस. मलाही भूक लागलीय."

साफ खोटं! मी एकटी बसणार नाही, हे ओळखून होत्या. मामंजी दारात येऊन बघतच राहिले.

"तुमचं स्वल्प उशिरा वाढते," अक्का म्हणाल्या.

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणून ते बाहेर जाऊन बसले. बस्स? इतकं सोपं होतं?

माझ्या भातावर तूप जरा जास्तच. वाफ तोंडावर येत होती. अक्कांनी घास घ्यायला हात घातला आणि चटका बसून बोटं मागे घेतली.

"अगबाई, एवढा गरम असतो होय हा?"

जन्मभर त्याच तर रांधताहेत.